चाळीसचा हिरवा फ्यूज

१

दाई दुफी मेली बुधवारी, गाडीच्या अपघातात, आणि शुक्रवारी सकाळी पोलिसांनी क्वार्टेंग मास्तरांना त्यांच्या गॅरेजातून तेलकट कपड्यांनिशी उचलून नेलं.

मास्तरांना नेल्याचं पोकुआला माहीत नव्हतं. ती तेव्हा पाद्री आसीदूंच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभी होती. सुआमेच्या गॅरेजांच्या या पेठेला सगळं कुमासी शहर मॅगझिन म्हणतं. हजारो कारागीर इथे पोट भरतात, पण गाडीच्या वायरिंगमध्ये 'मॅडम' म्हणावी अशी एकच, ती पोकुआ. हात देवाने दिलेला, आणि जीभ बहुधा दुसऱ्या कुणीतरी. पाद्रीबाबांच्या गाडीचा रेडिएटरचा पंखा बंद पडला होता. जळका फ्यूज तिने उपटून फेकला, शेजारच्या खोबणीतला एक काढून तिथे बसवला आणि किल्ली फिरवली. पंखा भणभणला.

"झालं, पाद्रीबाबा. एक पिवळा दिवा लागलेला दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. सोमवारी या, नीट करून देते."

"टेचीमानपर्यंत जाईल ना गं? उद्या अंत्यविधी आहे तिथे. मी दुपारी निघतोय."

"टेचीमान काय, त्याच्या पुढेही जाईल. निघा तुम्ही."

पाद्रीबाबा गेले आणि समोरून मान्सा धावत आली. क्वार्टेंग मास्तरांची ही बायको कोपऱ्यावर केन्के, मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकायची. हातातला झारा टाकायचंही भान तिला राहिलं नव्हतं.

"पोकुआ, नेलं गं त्यांना! म्हणतात दुफीला यांनीच मारलं!"

"कोण म्हणतं?"

"पोलीस म्हणतात. तुझाच जुना चेला ग्यासी म्हणतो. सगळी पेठच म्हणायला लागलीय! सोमवारी त्या गाडीला ब्रेक पॅड यांनी बसवले ना, म्हणून!"

पोकुआच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोकुआच्या दोन्ही मुली दुफीच्याच हातांवर जन्मल्या होत्या. पेठेतल्या निम्म्या पोरांना पहिला धपाटा दुफीचाच बसलेला. आणि क्वार्टेंग मास्तर? पस्तीस वर्षं या माणसाने ब्रेकशिवाय दुसरं काही हातात धरलं नव्हतं. पॅड बसवल्यावर स्वतः गाडी चालवून बघितल्याशिवाय ते किल्ली परत करत नसत, मग गिऱ्हाईक कितीही खेकसो. अशा माणसाच्या हातात बेड्या!

ती तशीच ओपानिन बाफींकडे गेली. कारागिरांच्या पंचांमध्ये हे सगळ्यात वडीलधारे, म्हणून 'ओपानिन'. ते आपल्या खुर्चीत खाली मान घालून बसले होते.

"ओपानिन, हे तुम्हाला पटतंय?"

"पटण्याचा प्रश्न नाही, मॅडम. इन्स्पेक्टर तीन वाजता येणार आहे. पंचांनी गाडी बघून काय ते लिहून द्यायचं. ग्यासीने कालच तपासून सांगितलंय की वायरिंग ठीक, एबीएस ठीक, ब्रेक निकामी. आम्ही तेच लिहून दिलं तर क्वार्टेंगवर माणूस मारल्याचा खटला चालेल. गॅरेजला कुलूप लागेल ते वेगळंच."

"आणि मी दुसरं काही शोधून काढलं तर?"

बाफींनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा झाले होते.

"तर तीनच्या आत काढ," ते म्हणाले.

२

गाडी पंचांच्या आवारात उभी होती. बोटीने आलेली, जपानमध्ये दहा वर्षं चाललेली सात जणांची गाडी. पुढची उजवी बाजू आत घुसली होती; इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे ही प्रवाशाची बाजू. त्या बाजूच्या सीटखाली दुफीची एक चप्पल अजून तशीच पडलेली. पोकुआने ती उचलली, पदराने पुसावी तशी अंगरख्याच्या टोकाने पुसली आणि भिंतीशी नीट ठेवली.

मालक अम्पोफो तिथेच फोनवर बोलत होता. टेचीमानच्या रस्त्यावर त्याच्या चार गाड्या धावत. त्याने फोन खिशात टाकला.

"मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेताय? ग्यासीने बघितलंय सगळं. तुमचाच चेला आहे तो."

"चेला माझा आहे, बॉस, म्हणून तर बघायला आले. ग्यासी तपासत होता तेव्हा इथे कोण होतं?"

"मी आणि तो. म्हणजे मी बाहेर गेलो होतो थोडा वेळ. दहा मिनिटं. किल्ली त्याच्याकडे दिली होती."

"बरं. आणि गाडी कशी आदळली?"

"ऑफिन्सोच्या पुढे उतारावर वळण आहे बघा, तिथे. हातगाडी आडवी आली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही, सरळ जाऊन उभ्या लाकडाच्या ट्रकवर आदळली. आता याला ब्रेक फेल नाही तर काय म्हणायचं?"

पोकुआ चाकांपाशी खाली बसली. चारही टायर तिने हाताने फिरून फिरून चाचपले. प्रत्येक टायरवर एका जागी रबर घासून सपाट झालं होतं, पोळपाटासारखं. ती उठली. तिचा चेहरा बघून अम्पोफो दोन पावलं मागे सरकला.

"बॉस, त्या रस्त्यावर काळे पट्टे उमटलेत का?"

"आहेत ना. चार. लांबलचक, सरळ. पोलिसांनी फोटो काढलेत."

"मग ब्रेक फेल झाला म्हणणाऱ्याचं थोबाड रंगवायला हवं!" ती ओरडली. "ब्रेक गेला असता तर चाकं गरगर फिरली असती. चाक फिरत राहिलं की पट्टा उमटत नाही, टायर सपाट होत नाही. ही चारही चाकं करकचून जाम झाली होती. मास्तरांच्या ब्रेकने आपलं काम चोख केलं!"

"मग गाडी थांबली का नाही?"

हा प्रश्न मात्र खरा होता. या गाडीला एबीएस होतं. कितीही जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ द्यायची नाहीत, क्षणोक्षणी ब्रेकची पकड सोडायची आणि पुन्हा धरायची, एवढंच त्या यंत्रणेचं काम. चाकं फिरती राहिली की स्टिअरिंगचं ऐकतात. जाम झाली की स्टिअरिंग कुठेही फिरवा, गाडी घसरत सरळच जाते. इथे चाकं जाम झाली, म्हणजे यंत्रणा झोपली होती. आणि ग्यासी म्हणतो एबीएस ठीक!

३

ड्रायव्हर अल्हसन बसस्थानकाच्या मागे चटईवर बसला होता. एक हात गळ्यात बांधलेला, समोरचा भात तसाच. मूळचा तो उत्तरेचा, टामालेकडचा. पोकुआला बघताच म्हणाला, "मॅडम, शिव्या द्यायच्या असतील तर द्या. सकाळपासून त्याच खातोय."

"त्या नंतर. आधी सांग, ब्रेक दाबलास तेव्हा पाय खाली बुडाला का?"

"नाही. दगडासारखा कडक होता. पायाला कापरं नाही, धडधड नाही. मी स्टिअरिंग पुरतं डावीकडे फिरवलं होतं, मॅडम! आईशप्पथ! गाडीने ऐकलंच नाही. आंटी दुफी नुसती म्हणाली, 'अल्हसन...' बस."

पोकुआने त्याच्या भातावरच्या माश्या हाताने हाकलल्या.

"ही गाडी गेल्या महिन्याभरात कुठे बंद पडली होती का?"

"तीन आठवड्यांपूर्वी. पंखा थांबला, रेडिएटरमधून वाफा. भर मॅगझिनच्या तोंडाशी. ग्यासीने दहा मिनिटांत करून दिलं. प्रवासी आतच बसून होते."

"दहा मिनिटांत? आणि मग?"

"मग तो पिवळा दिवा लागून राहिला. चाकाच्या चित्राचा. मी बॉसला सांगितलं. बॉस म्हणाला, प्रवासी विचारतात, तपासणीत गाडी नापास होईल, घेऊन जा ग्यासीकडे. ग्यासी म्हणाला, चाकाजवळचा सेन्सर खराब आहे, महागात पडेल. बॉसने गाडी त्याच्याकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी दिवा गेला."

"अगदी गेला?"

"तसा नाही. किल्ली फिरवली की लागतो, म्हणजे बरा आहे असं वाटतं. इंजिन सुरू झालं की बॅटरीचा लाल दिवा आणि हा पिवळा, दोघे बरोबरच विझतात. जुळे भाऊ असल्यासारखे. मला वाटलं दुरुस्त झालं, मॅडम. दिवा विझला म्हणजे दुरुस्त, असंच ना?"

पिवळा दिवा. पोकुआच्या मनात कुठेतरी काहीतरी टोचलं. पण ग्यासीवरचा राग एवढा उसळला होता की त्या टोचण्याकडे बघायला तिला सवड नव्हती. एबीएसचा दिवा इंजिनची वाट बघत नाही. किल्ली फिरवली की यंत्रणा स्वतःला तपासते आणि तीन आकडे मोजेपर्यंत दिवा आपला आपण विझतो. तो बॅटरीच्या दिव्याबरोबर विझतो म्हणजे कुणीतरी त्याची वायर बॅटरीच्या दिव्याला नेऊन बांधली आहे.

"भात खा," ती उठत म्हणाली. "तुझा हात दुखतोय, पोटाने काय गुन्हा केलाय?"

४

आवारात परत आल्यावर तिने बॉनेटचा वाकलेला पत्रा पहारीने उचकटला. फ्यूजची पेटी शाबूत होती. सहाराकडून येणारं हरमाटनचं कोरडं वारं महिनाभर वाहत होतं, त्यामुळे पेटीत बारीक तांबूस धूळ साचलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठल्या खोबणीत किती ताकदीचा फ्यूज, ते छापलेलं होतं.

पंखा, तीस. तिसाचा फ्यूज गुलाबी असतो. पंख्याच्या खोबणीत मात्र हिरवा बसला होता, चाळीसचा, उन्हाने आणि वर्षांनी विटलेला.

एबीएसची मोटर, चाळीस. तिथे चाळीसचाच हिरवा होता. पण हा लखलखीत, कोरा. सगळ्या पेटीवर धूळ, याच्या डोक्यावर कणही नाही. आणि त्याच्या भोवती धुळीत दोन बोटांच्या खुणा.

पोकुआने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, पिवळा लागला. तीन मोजले, दहा मोजले, पिवळा जागचा हलला नाही. अपघातात यंत्रणा मोडली म्हणूनही तो जळत राहील, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने ओपानिन बाफींना हाक मारून डॅशबोर्डसमोर बसवलं आणि स्वतः बॅटरीचा दिवा लावणारी डायनामोची बारीक वायर उपटली.

"ओपानिन, काय झालं?"

"लाल विझला."

"आणि पिवळा?"

"तोही विझला की गं! बरोबरच!"

"आता डायनामोचा आणि ब्रेकचा काय संबंध, तुम्हीच सांगा," पोकुआ म्हणाली. तिने डॅशबोर्डखाली हात घातला, चाचपडत तो जोड शोधला आणि उजेडात ओढला. वायर तीन वेढे देऊन वळवलेली, वर निळी चिकटपट्टी, पट्टीचं टोक आत दुमडलेलं म्हणजे पुढच्या माणसाला सोलायला सोपं जावं. अख्ख्या मॅगझिनमध्ये अशी पट्टी एकाच गॅरेजात बांधायला शिकवतात. तिच्या स्वतःच्या.

५

तीन वाजता पंच बसले. इन्स्पेक्टर आला, त्याच्यामागून क्वार्टेंग मास्तर, हातात बेड्या. मान्साने त्यांना पाणी पाजलं. अम्पोफो आणि अल्हसन एका बाकावर होते. ग्यासी काळा चष्मा लावून उभा होता. अख्खी गल्ली हातातलं काम टाकून भोवती जमली होती.

पोकुआने आधी टायर दाखवले, मग पोलिसांच्याच फोटोतले पट्टे. इन्स्पेक्टर शहाणा होता. त्याने मान हलवली आणि मास्तरांच्या बेड्या काढायला सांगितल्या. पण ती थांबली नाही.

"आता ही यंत्रणा का झोपली ते ऐका. एबीएसला वीज तीन वाटांनी मिळते. दोन जाड वायरी थेट बॅटरीतून येतात, किल्ली फिरवा न फिरवा. एक मोटरला, एक झडपांना. तिसरी बारीक, किल्लीतून, तिच्या मेंदूला. मोटरचा फ्यूज काढला की मेंदूला ते लगेच कळतं. तो पिवळा दिवा लावतो आणि बाजूला होतो. साधा ब्रेक तेवढा उरतो. तीन आठवड्यांपूर्वी पंख्याचा फ्यूज जळला. ग्यासीकडे नवा नव्हता. त्याने मोटरचा चाळीसचा काढून पंख्याला उसना दिला. तो अजून तिथेच आहे, विटका. पुढे दिवा लागला तेव्हा या शहाण्याला स्वतः दिलेला उसना फ्यूज आठवला नाही! म्हणे सेन्सर खराब! अरे, झाकण उघडून बघायला काय रोग झाला होता? एका ताटभर वाक्ये-भाताला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात नवा फ्यूज येतो. ते सोडून तासभर खपून दिव्याची वायर बांधली!"

"बांधली ती बॉसच्या सांगण्यावरून," ग्यासी म्हणाला.

"मी दिवा बंद कर म्हटलं होतं! ब्रेकमध्ये काही आहे हे तू कुठे सांगितलंस?" अम्पोफो ताडकन उठला.

"सेन्सर सांगितला होता ना! तेव्हा काय म्हणालात? बघू पुढच्या महिन्यात!"

"आणि काल?" पोकुआचा आवाज चढला. "काल दहा मिनिटं एकटा होतास. पेटी उघडलीस, रिकामी खोबण दिसली आणि सगळं आठवलं. त्याच क्षणी बाहेर येऊन सांगितलं असतंस तर मी तुला चुकलेला माणूस म्हटलं असतं. तू खिशातला नवा फ्यूज तिथे बसवलास आणि या म्हाताऱ्याला फासावर द्यायला निघालास! धुळीत तुझी बोटं उमटलीयत, ग्यासी!"

ग्यासीने चष्मा काढला. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याची पाचावर धारण बसलेली दिसत होती, पण तो बोलला.

"हो. बसवला. घाबरलो मी. पण मॅडम, एक विचारू? 'एबीएसची ही सावकाराची खोबण. अडलं की इथून उसना घ्या, ब्रेक काही जात नाही.' कुणी शिकवलं हे? पहिल्याच आठवड्यात, तुमच्याच गॅरेजात, सगळे हसले होते. सांगा ना इथे, कुणी?"

गल्लीत उभे असलेले निम्मे वायरिंगवाले पोकुआच्या हाताखालून गेले होते. कुणीच तिच्याकडे बघेना.

नाही म्हणणं सोपं होतं. तिच्या शब्दापुढे ग्यासीचा शब्द आता कुणी धरला नसता. संध्याकाळपर्यंत परत ठेवा, असंही ती शिकवायची, तेवढं सांगूनही सुटता आलं असतं. भिंतीशी ठेवलेली ती चप्पल तिला दिसली. आणि सकाळपासून जे टोचत होतं ते आता आरपार घुसलं.

"मी शिकवलं," ती म्हणाली. "वीस वर्षं शिकवतेय. हसत हसत." तिने स्वतःच्याच कपाळावर तळहात मारला, एवढ्या जोरात की मान्सा दचकली. "आणि आज सकाळीसुद्धा तेच केलं! ओपानिन, फोन द्या! माझा गॅरेजात राहिलाय! द्या लवकर!"

६

पाद्री आसीदूंचा फोन बराच वेळ वाजत राहिला.

"हॅलो? कोण?"

"पाद्रीबाबा, पोकुआ! कुठे आहात?"

"ऑफिन्सोला. पेट्रोल भरतोय. तुझा पंखा झकास चालतोय हो. मुलं झोपलीत मागे. आता उतार लागेल, मग..."

"जिथे आहात तिथेच थांबा! किल्ली काढा गाडीची! मी येते. तोवर एक इंच हलायचं नाही, देवाने बोलावलं तरी!"

तिने फोन ठेवला. मग खिशातला, वायरीत वीज आहे का ते बघायचा टेस्ट लॅम्प काढून तिने बाफींसमोर टेबलावर ठेवला. पेठेत कारागिराने पंचांपुढे हत्यार ठेवलं की पंच परत देईपर्यंत तो काम करत नाही. ग्यासीची पक्कड आधीच तिथे होती.

"इन्स्पेक्टर, याने खोटं बोलून निरपराध माणूस अडकवला, त्याची शिक्षा याला आणि त्या बॉसला होऊ दे. पण दुफीच्या घरच्यांपुढे जाल तेव्हा माझं नाव आधी घ्या."

इन्स्पेक्टर लिहीत राहिला. ओपानिन बाफींनी टेस्ट लॅम्प उचलून हातात धरला, ना ठेवून घेतला ना परत दिला.

क्वार्टेंग मास्तर मनगटं चोळत पुढे आले. पोकुआला वाटलं, आता हे आभार मानतील, आणि ते तिला मुळीच नको होतं. मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिची मान आपोआप खाली गेली.

"किती गाड्यांचा फ्यूज काढलायस?" त्यांनी विचारलं.

"मास्तर..."

"वीस वर्षं म्हणालीस. मी पॅड बसवायचो, गाडी फिरवून बघायचो, ब्रेक नीट आहे म्हणून किल्ली द्यायचो. आणि तुम्ही लोक पलीकडे त्याची वीज काढून पंख्याला द्यायचात. हसत हसत." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "किती गाड्या, पोकुआ?"

तिने आठवायचा प्रयत्न केला. पाद्रीबाबांची. मंगळवारी त्या शिक्षिकेची. त्याआधी लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेली ती मोठी गाडी, तिचा परत ठेवला होता का? बहुतेक. ती मोटारसायकलवाल्याच्या बहिणीची? चेहरे आठवत होते, गाड्यांचे रंग आठवत होते. परत ठेवल्याचं मात्र एकाचंही नक्की आठवेना.

"माहीत नाही, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी ओपानिन बाफींच्या हातातून टेस्ट लॅम्प घेतला आणि तिच्या हातात कोंबला.

"हत्यार नंतर ठेव. आधी ऑफिन्सोला चल. गाडी मी चालवतो." मग ते भोवतीच्या गर्दीकडे वळले आणि दिवसभरात पहिल्यांदा ओरडले. "आणि तुम्ही काय तमाशा बघताय? बॉनेटं उघडा! सगळ्यांनी! आत्ता!"

गल्लीच्या पार टोकाला एक बॉनेट उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ दुसरं, तिसरं. पोकुआ फ्यूजच्या दुकानाकडे धावली. तिने चाळीसच्या हिरव्या फ्यूजचा सबंध डबा उचलला आणि मास्तरांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. बुधवारी दुफी बसली होती, त्याच बाजूला.